वहीतली रिकामी पानं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात देवरी येथे केलेल्या भाषणाचा शब्दबद्ध भाग)



वीणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी मंडळी आणि ज्यांच्या स्वयंपाकावर ही दिंडी शंभर वर्षं चालली त्या माझ्या मायबहिणींनो,

मी कीर्तनकार नाही. माझ्याकडून पूर्वरंग-उत्तररंगाची अपेक्षा ठेवू नका. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि इतिहास शिकवणाऱ्याला एकच खोड असते. कोणी काही सांगितलं की तो विचारतो, "हे कधीचं? लिहून कोणी ठेवलं? आणि कशासाठी?" घरी ह्या खोडीपायी मी बोलणी खात आलो. पण शताब्दी समितीनं दिंडीच्या तीन जुन्या वह्या माझ्या हाती दिल्या आणि म्हणाले, गुरुजी, ह्यातून काही काढा. तेव्हा मला वाटलं, चला, खोडीचं चीज झालं.

पहिल्या वहीची निम्मी पानं वाळवीनं खाल्ली. दुसरी बरी आहे. तिसरी अजून चालू आहे. त्यांत काय आहे? हजेरी. तांदूळ किती पायल्या जमला. विण्याची तार, पखवाजाची शाई, कंदिलाचं तेल, रेल्वेचं भाडं. देवाचं नाव फक्त पानाच्या डोक्यावर 'श्री' म्हणून. बाकी सगळा हिशेब. पण माउली, इतिहास बहुतेक वेळा हिशेबातच सापडतो.

आधी एक गोष्ट आठवून देतो, कारण आपल्या पोरांना ती ठाऊकच नाही. ही दिंडी सुरू झाली तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात, भंडारा जिल्ह्यात. राजधानी नागपूर. पंढरपूर होतं मुंबई इलाख्यात, म्हणजे दुसऱ्याच प्रांतात. स्वातंत्र्य आलं तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो. मग मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र, आणि १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा. चार वेळा पाटी बदलली, दिंडी तीच. बैलगाडीनं आमगाव स्टेशन, तिथून नागपूर, वर्धा, भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून बार्शी लाईट रेल्वेच्या छोट्या गाडीनं पंढरपूर. जुन्या माणसांची वारी अशी होती. आळंदीपासून पायी चालणारे थोडेच. म्हणून "आपली खरी परंपरा म्हणजे देवरीहून पंढरपूरपर्यंत पायीच" असं कोणी भाषणात ठोकून सांगितलं, तर वहीतला भाड्याचा हिशेब त्याला दाखवा. त्यात कमीपणा कसला? हैबतबाबांनी माउलींचा पालखी सोहळा बसवला तो एकोणिसाव्या शतकात, आणि तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबांनी पालखी काढली ती १६८५ साली. वारी त्याआधीही होतीच. रूप बदलत गेलं. जे चालतं ते बदलतं.

आता मुद्द्यावर येतो. दिंडीच्या मागच्या बैठकीत काय झालं ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आवाज चढले. एकजण म्हणाले, "आता भक्तीच राहिली नाही, आषाढीला माणूस मिळत नाही. थोरले वीणेकरी गेले आणि दिंडी बसली." दुसरे म्हणाले, "मग आषाढी सोडा, कार्तिकीच धरा." तिसऱ्यानं मोबाईल काढून ऊन-पावसाचं काही वाचून दाखवलं. निर्णय काहीच नाही, फक्त मनं दुखावली. शंभराव्या वर्षी दिंडी फुटते की काय असं मला त्या रात्री वाटलं.

घरी येऊन मी वह्या उघडल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीतली हजेरी वर्षावार मांडली. काही वर्षं पान गच्च भरलेलं, काही वर्षं निम्मंही नाही. अगदी रिकामं वाटलेलं पान १९९६ चं. मग २०१५ चं. थोरले वीणेकरी १९९६ साली चांगले ठणठणीत होते, वीणा त्यांच्याच गळ्यात होती! म्हणजे ते गेले म्हणून दिंडी बसली हे काही खरं नाही. मग ह्या दोन वर्षांत झालं काय?

१९९६ आणि २०१५ मध्ये अंतर १९. मी पंचांगं काढली. दोन्ही वर्षी अधिक आषाढ! दोन आषाढ आले, आणि एकादशी गेली पार जुलैच्या शेवटाला. २०१५ ची आषाढी २७ जुलैला होती.

आता हे जरा समजून घेऊ, कारण आपलं सगळं इथंच अडलं आहे. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दरवर्षी अकरा दिवस मागं पडतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांग एक अधिक महिना घालून ते अंतर भरून काढतं. आणि १९ वर्षांनी चंद्र-सूर्याचा हिशेब जवळजवळ जुळतो, म्हणून तोच अधिक महिना पुन्हा फिरून येतो. त्यामुळे आषाढी कधी जूनच्या शेवटी येते, कधी जुलैच्या शेवटी. २०२३ साली २९ जूनला होती. २०१८ साली २३ जुलैला. चोवीस दिवसांचा फरक.

पण धान पंचांग पाहत नाही. धान पाऊस पाहतो, आणि पाऊस सूर्याच्या चालीनं येतो. आपल्याकडं जूनच्या मध्यानंतर पावसाला सुरुवात झाली की पऱ्हे टाकायचे, वीस-पंचवीस दिवसांत ते उपटायला येतात, आणि बांधीत पाणी असलं की चिखल करून रोवणा. पऱ्हा जुना झाला की फुटवे कमी, म्हणजे पुढं वर्षभराच्या भातात घट. तेव्हा आषाढी जूनच्या शेवटी आली तर पऱ्हे जमिनीतच असतात, माणूस आठ दिवस जाऊन येऊ शकतो. जुलैच्या शेवटी आली तर गावातली एकेक बाई बांधीत वाकलेली असते. पश्चिमेकडं पेरण्या आटोपून माणसं पालखीबरोबर निघतात. त्यांची पेरणी आणि आपला रोवणा एक नव्हे. त्यांच्या मापानं आपल्या भक्तीचं माप काढू नका.

एका आजींना मी विचारलं, "आजी, तुम्ही त्या वर्षी का नव्हता गेल्या?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, पानी धरला की पऱ्हा थांबत नाई. इठ्ठल थांबते." मी तीन दिवस पंचांग चाळलं ते ह्या एका वाक्यात आलं होतं.

आता यंदाचं ऐका. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे. आषाढी २५ जुलैला. म्हणजे यंदाही पान रिकामं दिसणार. शताब्दीचं वर्ष, फोटोवाले येणार, आणि माणसं कमी. मी आजच सांगून ठेवतो, त्याचं खापर कोणाच्या भक्तीवर फोडू नका, आणि पोरांवर तर नकोच.

"मग कार्तिकी धरा" म्हणणाऱ्या भाऊंनाही एक सांगतो. हलका धान दिवाळीच्या आगेमागे निघतो, पण भारी धान कापणीला येतो तो नेमका कार्तिकात. कापणी, बांधणी, पुंजणे. वर गावोगावच्या मंडया, रात्रभर नाटकं, पाहुणे. कार्तिकीची हजेरीही वहीत कधी फार मोठी नाही. पहिल्या वहीत वाळवीनं जी पानं सोडली त्यांत मला एक वेगळंच दिसलं. त्या काळात आपली मंडळी माघी एकादशीला जात! चुरणी झालेली, धान विकून हातात चार पैसे आलेले, रस्ते कोरडे. वारकऱ्यांच्या चार वाऱ्या आहेत, आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री. आपण दोनच लक्षात ठेवल्या. माघी एकादशीनंतर चार दिवसांनी पौर्णिमा, म्हणजे सालेकशाकडं कचारगडची यात्रा. आपले गोंड बांधव तिकडं लाखांनी जमतात. आपल्या ह्या भागात माघ हा मोकळ्या पायांचा महिना आहे, मग देव कोणाचाही असो. ह्या दोन गोष्टी शेजारी येण्यामागं माझ्या मते धानच आहे. कोणाचं मत वेगळं असलं तर अवश्य सांगा.

पण म्हणून आषाढी सोडायची का? नाही. कारण वहीत आणखी एक खूण सापडली. काही नावांपुढं बारीक अक्षरात लिहिलंय, 'बां. ला.' मी पुष्कळ डोकं खाजवलं. बांधणी लागली? बाकी लागली? कोणाकडं उधारी राहिली असेल असंही वाटलं. शेवटी त्याच आजींनी उलगडलं. 'बांधी लावली.' म्हणजे हा माणूस वारीला गेला, आणि गावात राहिलेल्यांनी त्याच्या बांधीत रोवणा लावून दिला. मजुरी नाही. परत आल्यावर बुक्का, प्रसाद, आणि पुढच्या वर्षी ह्यानं राहायचं, दुसऱ्यानं जायचं. पाळीपाळीनं. म्हणजे हजेरीत जी पाच-पंचवीस नावं दिसतात, त्यांच्या मागं तितकीच दुसरी माणसं चिखलात उभी होती. त्यांची नावं वहीत नाहीत. त्यांत बहुतेक बाया होत्या, कारण रोवणा बायाच लावतात. त्या पंढरपूरला न जाता वारकरी होत्या, असं माझं मत. दिंडीच्या सभासदांच्या यादीत त्यांचं नाव घालायचं की नाही, हा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे. आता मजुरी रोखीची झाली, पोरं नागपूर-रायपूरला गेली, हे मला कळतं. तरी यंदा दहा घरांनी 'बां. ला.' करून पाहायला काय हरकत आहे? मी माझी बांधी पहिली देतो. आणि रोवणा लावायलाही येतो, कंबर धरली तर बायांनी हसायचं नाही.

आता जरा वेगळं बोलतो. मोबाईलवर मागं जे फिरत होतं त्याबद्दल. २०२२ साली १० जुलैला आषाढी, आणि त्याच दिवशी बकरी ईद. २०२३ साली २९ जूनला पुन्हा दोन्ही एकत्र. २०२१ साली एका दिवसाच्या अंतरानं. लगेच मेसेज आले, "पूर्वी कधी असं झालं नाही, हे मुद्दाम होतंय." आपल्याच दिंडीतल्या एकानं मला तो पाठवला, आणि पुढं दहाजणांना पाठवा असंही होतं. मी म्हटलं, बाबा, चंद्र कोणाच्या पक्षाचा आहे?

त्यांचा महिना चंद्रकोर दिसल्यापासून मोजतात, आणि ईद त्या महिन्याच्या दहाव्या दिवशी. कोर दिसते आपल्या द्वितीयेच्या सुमाराला. म्हणजे त्यांची दहावी तारीख आणि आपली शुद्ध एकादशी नेहमी शेजारी-शेजारीच असते, दर महिन्याला! फक्त त्यांच्यात अधिक महिना नाही, म्हणून त्यांचे सण ऋतूंमधून फिरत जातात, आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतात. त्यांचा जिल्हेज आपल्या आषाढात आला की दोन-तीन वर्षं ईद आणि आषाढी जोडीनं येणार. १९८९ च्या सुमाराला असंच होतं. मोबाईल नव्हता म्हणून कोणाला त्याचं भय वाटलं नाही. २०२३ चा अधिक श्रावण आला आणि गाडी एक महिना सरकली. मग २०२४ ला १७ जुलैला आणि २०२५ ला ६ जुलैला आषाढीच्या दिवशी मोहरम आला. यंदाच्या अधिक ज्येष्ठानं पुन्हा एक घर सरकलं, मोहरम महिनाभर आधीच होणार. ह्यात कोणाचा डाव नाही, नुसता गुणाकार-भागाकार आहे.

आणि त्या वर्षी प्रत्यक्षात झालं काय? राज्यात ठिकठिकाणी, खुद्द पंढरपुरातसुद्धा, मुसलमान मंडळींनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी ठेवली. तो मेसेज मात्र माझ्याकडं कोणी पाठवला नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथं अभंग-आरती होते, मगच पुढं जाते. हे आपल्यातल्या आळंदी-देहू पाहिलेल्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतांच्या मांदियाळीत आहेत. एवढं ठाऊक असलेल्या माणसाला मेसेजनं घाबरवता येऊ नये.

आता एक अवघड पान. समितीतल्या काहींनी मला हात जोडून सांगितलं, गुरुजी, त्यावर बोलू नका. पण ज्यांचं ते पान आहे त्यांनीच बोला म्हटलं, म्हणून बोलतो.

पहिल्या वहीत हजेरीच्या खाली एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर नावं, रेघेच्या खाली चार-पाच नावं. पुढं लिहिलंय, 'पंगत दुसरी'. त्या नावांची माणसं दिंडीबरोबर जात, मागं चालत, वेगळी जेवत. आणि पंढरपूरला पोचून काय? देवळाचं दार त्यांना बंद. नामदेव पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे, तिथून कळसाला हात जोडायचे आणि आठशे किलोमीटर परत यायचं. चोखोबांपासून सहाशे वर्षं हे असंच चाललं. आपण 'भेदाभेद अमंगळ' असं तोंडानं म्हणत होतो आणि वहीत रेघ मारत होतो.

१९४७ साली १ मे ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. म्हणाले, देवळाचं दार उघडा नाहीतर मी उठत नाही. १० मे ला उपोषण सुटलं, दार उघडलं. त्याआधी गुरुजींनी गावोगाव फिरून भाषणं केली होती. त्यांना विरोधही झाला, आणि विरोध करणाऱ्यांत टाळ हातात धरणारेही होते. हे लपवून काय मिळणार? पुढं बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कही कायद्यानं संपले. १९७३ चा कायदा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल २०१४ चा. म्हणजे आज तुम्ही-आम्ही रांगेतून जाऊन पायावर डोकं ठेवतो, ते दार आपोआप उघडलेलं नाही.

दुसऱ्या वहीत ती रेघ नाही. कधी गेली, कोणी मोडली, त्याचा ठराव नाही. नुसती नावं एकाखाली एक. समितीत वाद असा की त्या रेघेच्या पानाचा फोटो ह्या स्मरणिकेत छापायचा की नाही. काही म्हणाले, शताब्दीला शोभत नाही. मी गप्प बसलो. मग आपले आजचे वीणेकरी बुवा बोलले. त्यांच्या आजोबांचं नाव त्या रेघेच्या खाली आहे. ते म्हणाले, "छापा. माझा आजा रेघेखाली असूनही गेला, हे माझ्या नातवाला कसं कळंल मग?" फोटो छापला आहे. दोन्ही पानं समोरासमोर.

शेवटचं सांगतो आणि बसतो, महाप्रसादाची वेळ झाली आहे.

तिसऱ्या वहीत २०२० चं पान कोरं आहे. वर 'श्री' आहे, खाली काही नाही. त्या वर्षी करोनामुळं वारी झाली नाही. १८९७ साली प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला साथरोगांचा कायदा पुन्हा लागू झाला, मोजक्या माणसांसह पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, १ जुलैची एकादशी रिकाम्या वाळवंटात पार पडली. साथी आपल्याला नव्या नाहीत. १९१८ च्या तापानं देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि मध्य प्रांताला तर त्याचा फार मोठा फटका बसला. दिंडी सुरू करणारी पिढी त्या तापातून वाचलेली होती. त्यांनी त्याबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही. मला त्याची फार चुटपुट वाटते. त्यांनी काय पाहिलं, कोणाला पोचवलं, मग दिंडी काढावी असं का वाटलं, हे विचारायला आता कोणी नाही.

तीच चूक आपण करतोय. २०२० चं पान कोरं आहे, पण ते वर्ष कोरं नव्हतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्या हायवेनं नागपूरकडून रायपूरकडं माणसं चालत होती. छत्तीसगडची, ओडिशाची, झारखंडची. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायांत फाटक्या चपला. शिरपूरचा नाका ओलांडून पुढं कुठवर जाणार, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आपण पंढरपूरला चालत जाऊ शकलो नाही, आणि चालणारे आपल्या दारावरून गेले. गावातल्या कितीतरी घरांनी त्या दिवसांत भात रांधला, पाण्याचे माठ रस्त्यावर नेले, कोणी घरच्या चपला काढून दिल्या. मी म्हातारा म्हणून मला घराबाहेर पडू दिलं नाही, खिडकीतून पाहिलं. पण तुमच्यातले पुष्कळजण तिथं उभे होते.

ती वही आज मंडपात विण्याजवळ ठेवली आहे. २०२० चं पान उघडून ठेवलंय, पेन बाजूला आहे. जे उभे होते त्यांनी जेवून झाल्यावर यावं आणि आपल्या हातानं लिहावं. कोणत्या दिवशी, काय रांधलं, कोण भेटलं, ते कुठून आले होते. लिहिता येत नसलं तर मला सांगा, मी लिहितो. शुद्धलेखनाकडं पाहणार नाही. आणि यंदाच्या आषाढीला कोणाची बांधी कोण लावणार, तेही त्याच्या पुढच्या पानावर लिहून जा. माझं नाव पहिलं लिहिलं आहे.

राम कृष्ण हरी.